दारातलं कुंकू

लोक मला विचारतात, घरोघर जाऊन केस कापता, तर दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील ना? दुखतात. पाय दुखतात, मान दुखते, डायच्या वासानं डोकं दुखतं. त्याचं काही नाही. खोबरेल चोळलं की सकाळी पुन्हा उभी. मी थकते ती दारात. नव्या घराची बेल दाबायची आणि दार उघडेपर्यंत उभं राहायचं, त्या अर्ध्या मिनिटात जेवढी थकते तेवढी चार जणींचे केस रंगवून थकत नाही. आत कोण असेल, किती जण असतील, दार लावून घेतील का, मागचं दार कुठं असेल. बाप्पा, किती विचार करायचा माणसानं! आणि हे एक दिवसाचं नाही, रोजचं आहे.

आधी मी यवतमाळात एका पार्लरमधे होते. ते बंद पडलं. मालकीण मुलाकडे पुण्याला गेली, जाताना मला पार्लरची फिरती खुर्ची देऊ लागली. दोन खोल्यांच्या घरात ती मी कुठं ठेवू, डोक्यावर? मी कात्र्या, कंगवे, डायच्या वाट्या, चिमटे एका पेटीत भरले, पेटी स्कूटीवर पायाशी ठेवली आणि फिरायला लागले. लोहारा, आर्णी रोडच्या नव्या वस्त्यांचे लेआउट, कधी घाटंजीकडची गावं. बाया खूश. सासऱ्यासमोर 'पार्लरला जाते' म्हणायची गरज नाही, भाजी गॅसवर ठेवून केस कापायला बसता येतं. एकीनं तर डोक्याला डाय लावून अख्ख्या घराच्या पोळ्या लाटल्या. मी म्हटलं, ताई, एखादी काळी निघेल बरं का पोळी. तर म्हणते, निघू द्या, घरच्यायले कुठं दिसते!

नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. नव्या घरी गेले की मी त्याला मोबाइलवर लोकेशन पाठवते. पण कारखान्यात फोन गेटवर जमा करून घेतात. म्हणजे दुपारी माझं काही बरंवाईट झालं तर त्याला ते सुटी झाल्यावर कळणार. तरी पाठवते. तो म्हणतो, पाठवत जा. एवढीच आमची सुरक्षा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. सासरे जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, नवरा तेव्हा शाळेत होता. सासूनं लोकांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला आणि त्याला मोठं केलं. तिनं जग पाहिलेलं, म्हणूनच माझं फिरणं तिला पटत नव्हतं. मी पेटी भरली त्या दिवशी ती म्हणाली, "कर. पन एक ध्यानात ठेव. ज्या दिवशी काही उलटंसुलटं झालं त्या दिवशी ही पेटी माळ्यावर. मंग माह्यापुढं रडाचं नाई." नवऱ्यानंही मान डोलावली. या बाबतीत मायलेक एक.

आणि मला तर हे काम सोडायचं नव्हतं. घरी बसून काय करू, भिंतीशी बोलू? बाईचं डोकं माझ्या हातात आलं की ती मनातलं सांगते, हसते, आरशात पाहून वेगळीच बसते. ते मला आवडतं. म्हणून माझ्यापुढं रोज एकच गोष्ट असायची. नव्या घरातून धडधाकट परत यायचं, आणि काही झालंच तर ते घरापर्यंत येऊ द्यायचं नाही.

धडधाकट परत यायची युक्ती मला एका बांगड्या विकणाऱ्या म्हातारीनं शिकवली. आर्णीच्या स्टँडवर भेटली होती. जन्मभर गावोगाव टोपली घेऊन फिरलेली बाई. माझी पेटी पाहून म्हणाली, "नव्या घरात जाशीन तं दारातच हळदीकुंकू माग, पोरी. घरात बाई असन तं हातातली कनिक टाकून करंडा घेऊन येते. सवाष्णीले दारातून तशीच वापस पाठवत नाई कोनी. अन् बाई नसन तं माणूस चुळबुळ करते. चुळबुळ दिसली का रस्ता धराचा."

मी तेच धरलं. दार उघडलं की उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हणायची, "ताई कुठं आहेत? माझा नेम आहे, घरच्या लक्ष्मीच्या हातचं कुंकू लावल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही." लोकांना वाटायचं, केवढी भाविक बाई! मी कसली भाविक, एकादशीचं सुद्धा माझ्या ध्यानात राहत नाही. आधी मी दुसरंही करून पाहिलं होतं. 'ताईंना दारात बोलवा, उजेडात केस पाहते' असं म्हणायची. त्याला दहा बहाणे. झोपली हाय, न्हाऊन राह्यली, तिचे पाय दुखतात, तुमीच आत या. कुंकवाला बहाणा नव्हता. एकदा लोहाऱ्याला एकानं डोकं खाजवत खाजवत सांगितलं, "घरची गावाले गेलती, मलेच कटिंग करून पाह्यजे होती." खरंच कटिंग हवी असेल बिचाऱ्याला. मी स्कूटी वळवली. बिचारा की कोण, हे आत जाऊन तपासायची माझी तयारी नाही.

त्या युक्तीत एक भोक होतं आणि ते मला दिसलं नाही. जिच्या कपाळावरचं कुंकू गेलं ती बाई आमच्याकडे अजूनही दुसरीला कुंकू लावत नाही. शिकलेल्या घरांत बदललं म्हणतात, पण दारात उभं राहून पाहा. आणि गंमत म्हणजे असं माणूस माझ्याच घरात रोज माझ्यासमोर तूर निवडत बसलेलं होतं. तरी डोक्यात आलं नाही.

उन्हाळ्यात एक फोन आला. बाईचाच आवाज. "केसं रंगवाचे हायत, जमन का वो?" पत्ता दादा सांगतील म्हणाली आणि फोन एका माणसाकडे गेला. आर्णी रोडच्या एका लेआउटमधलं शेवटचं घर. दुपारी दोनला पोचले. सगळे कूलर लावून निजलेले, रस्त्यावर कुत्रं नाही. दारात तुळस होती, पायरीवर रांगोळी होती. रांगोळी स्टिकरची आहे हे मला नंतर आठवलं, तेव्हा नाही दिसलं.

दार उघडलं त्यानं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मी माझं नेहमीचं म्हटलं. त्यानं नजर खाली केली. "ताईचे मिस्टर मागच्या साली गेले. ताई नाई लावत कोनाले."

मेली ती लाज! मला तर धरती पोटात घेईल तर बरं असं झालं. एका बाईच्या दारात येऊन मी तिच्या जखमेवर मीठ चोळलं, असंच वाटलं. आता पुन्हा 'त्यांना दारात बोलवा' कोणत्या तोंडानं म्हणू? "माफ करा दादा, मला माहीत नव्हतं," असं म्हणत मी पायरीवर चपला काढल्या आणि आपल्या पायानं आत गेले. कोणी हात धरून ओढलं नाही मला.

"ताई न्हाऊन राह्यली, बसा." कूलर घरघरत होता, टीव्ही मोठ्यानं चालू होता. मी पेटी टिपॉयवर ठेवली. न्हाणीत पाण्याचा आवाज नव्हता. आमच्या धंद्याची नजर असते, बाई जिथं राहते तिथं एखादी पिन, एखादा रबर, कंगव्यात अडकलेला केस दिसतोच. तिथं काही नव्हतं. मी वळून पाहते तर तो दाराची वरची कडी लावत होता. "ऊन लय हाय," म्हणाला. मग खुर्ची ओढून माझ्या जवळ बसला आणि हसून विचारलं, "डोक्याची मालिश करता का वो तुमी? माहंच डोकं लय दुखून राह्यलं."

हातपाय गार पडणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. मे महिन्यात, बेचाळीसच्या वर पारा असताना! ओरडले असते तर कूलर आणि टीव्हीपुढं कोण ऐकणार होतं? तोंडातून काय निघालं तर, "दादा, थांबा, माझी सासू गाडीपाशी उन्हात उभी आहे. तिला शुगर आहे, चक्कर येऊन पडायची. तिला आत बसवते आणि मग सुरू करू."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"लोकांच्या घरात लवकर येत नाही ती. लय मानाची आहे."

आणि मी उठले. तो काही बोलायच्या आत टाचा उंच करून कडी काढली. कडी घट्ट होती, तो मागं दोन पावलांवर उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. दार उघडलं आणि मी मोकळ्या रस्त्याकडे पाहून बोंबलले, "या वो आई! आत बसा!" रस्त्यावर कोणी नव्हतं. मी चालत गेले. पळाले नाही, पळालं की मागचा पळतो. स्कूटी मी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावते, त्यानं वाचले. पेट्रोल पंपापाशी थांबले, उलटी झाली, आणि मग पायांना चटके बसायला लागले. चपला त्याच्या पायरीवर राहिल्या होत्या. पेटी टिपॉयवर.

घरी सांगितलं, बाजारात स्कूटीवरून पेटी चोरीला गेली. सासूनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अन् चप्पल बी नेली का चोरानं?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणू?

संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसले होते, तर आली, माझे पाय मांडीवर घेतले आणि तळव्यांना तूप लावलं. एक शब्द नाही. मला रडू आलं ते मी पोळलं म्हणून खपवलं.

पोलिसांत का नाही गेलीस, असं कोणी आज विचारलं तर काय सांगू? त्यानं हात लावला नव्हता. मी आपल्या पायानं आत गेले होते. आणि पोलीस म्हणजे घरी समजणार, घरी समजलं की पेटी माळ्यावर. पेटी नव्हतीच म्हणा, पण काम तर होतं. हेच काम करणाऱ्या दोन ओळखीच्या बायांना तेवढं त्याचा नंबर देऊन ठेवला आणि म्हटलं, मेल्या तरी जाऊ नका. काय झालं ते त्यांनाही नाही सांगितलं. फोनवरचा तो बाईचा आवाज कोणाचा होता ते आजही माहीत नाही. त्याची खरीच बहीण असेल, दुसऱ्या गावात राहणारी, भावानं म्हटलं म्हणून दोन वाक्यं बोललेली. कोणाचा का असेना, त्या दिवसापासून फोनवरच्या बाईच्या आवाजावरचा माझा विश्वास उडाला.

नवी पेटी घेतली, नव्या कात्र्या घेतल्या. नव्या कात्रीला हात बसायला महिना जातो, तोवर आंगठा सुजतो. आणि नेम आणखी कडक केला. कुंकू नाही तर उंबरा नाही. कारण काहीही सांगोत. एकदा लाजेनं आत गेले, आता लाज गुंडाळून ठेवली.

पावसाळा संपता संपता घाटंजीकडच्या एका गावातून फोन आला. बाईचा. "ताई, सोमवारी मले नोकरीवर हजर व्हाचं हाय. पोरींच्या वसतिगृहात. त्याच्या आधी केसं कापून, रंगवून देता का? लय पांढरे झाले वो." मी म्हटलं, शनिवारी येते. ती दोनदा म्हणाली, "नक्की या बरं, ताई."

शनिवारी गेले. कपाशी कमरेइतकी झाली होती, रस्त्यात ट्रॅक्टरनं चिखल केलेला, दोनदा पाय टेकावे लागले. घर सापडलं. दार उघडलं एका माणसानं, तिशीचा असेल, बनियनवर. मी बाहेरच उभी राहून म्हटलं, पहिले ताईंना हळदीकुंकू घेऊन बोलवा, माझा नेम आहे.

त्यानं मान खाली घातली. "वैनी नाई लावत कोनाले. भाऊ गेले माहे, दोन साल झाले."

तेच शब्द. खाली घातलेली मान तीच. माझ्या कानात कूलर घरघरायला लागला, देवाशप्पथ. आतून काही हालचाल ऐकू आली, पण ती कोणाची हे पाहायला मी थांबलेच नाही. 'आज जमत नाही' असं काहीतरी बोलले आणि स्कूटी काढली. मागून कोणी 'ओ ताई, ओ ताई' म्हणालं. तो आवाज बाईचा होता. मी ऐकला, चांगला ऐकला, आणि गाडीचा वेग वाढवला. गावाबाहेर येईपर्यंत आरशातून मागं पाहत होते. यवतमाळला आल्यावर स्वतःवरच खूश झाले. वाचले, असं वाटलं.

घरी येऊन हातपाय धुतले आणि फोन वाजला. तीच.

"तुमी वापस काहून गेल्या ताई?"

मी म्हटलं, दुसरं काम निघालं अचानक. खोटं बोलायची सवय झाली होती.

"नाई," ती म्हणाली. "मी आतून आयकलं. तुमी कुंकू मागतलं." आणि मग एकदम बोलायला लागली. तिच्या सासरच्यांना तिची नोकरीच मान्य नव्हती. केस रंगवून नोकरीला जाणार म्हटल्यावर सासूनं तीन दिवस अबोला धरला होता. तिनं दिराला मनवलं, की पार्लरमधे जात नाही, बाईच घरी येते, चार भिंतींच्या आत होईल, कोणाला दिसणार नाही. "त्यायनं दार उघडलं, तेच लय होतं वो ताई. अन् तुमी दारातून वापस गेल्या. सासू म्हने, पाह्य, पैसे घेऊन केसं कापनारी बाई बी तुह्या घरात पाय ठेवत नाई."

मी म्हटलं, "ताई, मी उद्या सकाळी येते. सगळ्यात आधी तुमच्याकडे येते. पैसे नको मला. तसं नव्हतं ते, माझं ऐका, मला एकदा..."

"नका येऊ," ती म्हणाली. रागात नाही म्हणाली. थकून म्हणाली, आणि थकलेला आवाज मला कळतो. "मी कापले केसं. शिवनाच्या कैचीनं. वाकडे झाले उलीसे. डोक्यावर पदर घेऊन जाईन सोमवारी." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. मी ओट्यापाशी खाली बसले आणि मोठ्यानं रडले. लहान पोरासारखी. सासू मागच्या अंगणातून आली, हातात सूप होतं.

"कोन होती वं? काय झालं?"

आणि मी सगळं सांगितलं. घाटंजीचं सांगायचं तर आर्णी रोडचं सांगावंच लागणार होतं. माझी पेटी माळ्यावर जाणार हे मला दिसत होतं, पण आता थांबवणं माझ्या हातात नव्हतं. बाजारात चोरी झालीच नव्हती इथून सुरुवात केली.

"ते मले त्याच दिवशी समजलं," ती म्हणाली. "पायातली चप्पल काढून नेनारा चोर मी आजवर पाह्यला नाई."

"मग विचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं तं तू सांगतलं असतं. अन् सांगतलं असतं तं पेटी माळ्यावर टाका लागली असती. जबान देल्ली होती ना मी." तिनं सूप खाली ठेवलं. "हात लावला का त्यानं?"

"नाही."

"माह्याकडे पाहून सांग."

"नाही आई. तुमचं नाव घेऊन सुटले." ते कसं, तेही सांगितलं.

"मले गाडीपाशी उन्हात उभी केली म्हन! अन् शुगर बी लावून देल्ली माह्या मागं!" ती हसली, तोंडाला पदर लावून. मलाही रडता रडता हसू आलं. मग मी कापलेल्या केसांपर्यंत आले आणि तिचं हसू गेलं.

"काय वय असन तिचं?"

"पस्तीसेक असेल. आवाजावरून."

"मी बी तेवढीच होती." ती बराच वेळ सुपातल्या तुरीत बोटं फिरवत राहिली. "शेजारच्या पोरीची ओटी भरून राह्यलते. माह्या कडेवर वाढलेली पोरगी. कुंकवाचं ताट फिरत फिरत माह्यापाशी आलं, अन् कोनीतरी वरच्यावर पुढं देल्लं. कोनी एक शब्द बोललं नाई. बोलाची गरजच नसते पडत."

मला आठवलं, मी नव्या घरी जायला निघते तेव्हा ती कधी समोर येत नाही. स्कूटीचा आवाज दूर गेल्यावरच पुढच्या खोलीत येते. इतकी वर्षं मला वाटायचं, म्हातारी माझ्या कामावर रुसली आहे. ती आपला अपशकुन होऊ नये म्हणून आत बसायची. माझ्या कामाला! आणि मी एकदाही म्हटलं नाही की आई, समोर या, तुमचं तोंड पाहून जाते. माझी मलाच शिसारी आली.

"आई," मी म्हटलं, "आजपासून मी दारात कुंकू मागणार नाही. दुसरं काहीतरी शोधते."

"काय शोधशीन?"

जे जे होतं ते करून झालं होतं.

"नाई ना काही?" ती म्हणाली. "कुंकू मागतलं का बाई धावत येते. दुसऱ्या कशानं येते? पानी मागतलं तं येते? तुह्या लोकेशननं येते? सांग मले." मी मान हलवली. मग ती खाली माझ्याजवळ बसली आणि माझा कात्रीनं घट्टा पडलेला आंगठा आपल्या हातात घेऊन चोळायला लागली. "मंग माग तू. पेटीची जबान गेली चुलीत. एखादी आमच्यासारखी निघन, तिले लागन. लागू दे. आमाले सवय हाय वं, आमी मरत नाई त्यानं. तू घरी आली पाह्यजे. बस."

मी 'नाही आई' म्हणायला पाहिजे होतं.

मी 'हाव' म्हटलं.